उद्याचा शिक्का

जनू, परवा तुझ्या शोकसभेत मी उभा राहून खोटं बोललो. "जनार्दन मला धाकट्या भावासारखा होता," असं म्हणालो. लोकांनी माना हलवल्या. जुनं पोस्ट वाचवायला निघालेल्या समितीच्या प्रधान बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. तुझा मुलगा किसन, तुला दादा म्हणणारा, पहिल्या रांगेत बसला होता. त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. भाऊ कसला? इतक्या वर्षांत मी तुला मनातून बरा माणूससुद्धा म्हटलं नव्हतं. तू गेल्याचा फोन आला तेव्हा पहिली गोष्ट मनात आली ती ही की आता भाजी आणायला नाक्यावरून सरळ जाता येईल, गल्लीतून वळसा घालावा लागणार नाही.

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला आहे. फोटो आधार कार्डावरचा, त्यामुळे तू त्यात पकडून आणल्यासारखा दिसतोस. शेजारी हात जोडलेल्या पुढाऱ्याचं तोंड तुझ्यापेक्षा मोठं. वर लिहिलंय, 'चिंचखारच्या पोस्टाचा खरा रक्षक'. सहा महिन्यांपूर्वी याच गावाने शाळेच्या हॉलमध्ये तुला खोटारडा ठरवलं होतं. आणि तसं ठरवायला मी लावलं होतं.

बाईंनी समितीच्या स्मरणिकेसाठी चार शब्द मागितले. "मास्तर, तुम्ही दोघं एका पोस्टात वीस वर्षं. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मी म्हटलं, लिहितो, पण एक ओळही कापायची नाही. त्या हसल्या. "तुम्ही कापण्यासारखं काय लिहिणार हो, कर्णिक मास्तर?"

आता त्यांनी वाचावं. तू ज्या वहीबद्दल बोलत होतास ती वही होती. तिच्या पहिल्या पानावर तुझ्या आजोबांचा अंगठा होता. ती वाळवीने खाल्ली नव्हती. ती माझ्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात, हिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती. तू सभेत बोललास तेव्हाही तिथेच होती.

तू माझा कसा छळ केलास, हेही लोकांना कळू दे. रस्त्यात, बाजारात, देवळाच्या पायरीवर, माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्यावर, जिथे भेटशील तिथे तू एकच प्रश्न विचारायचास. "मास्तर, आज तारीख काय हो?" हसून. मान किंचित तिरकी करून. लोकांना वाटायचं, दोन म्हाताऱ्यांची थट्टा. काही जण तर माझी ओळखच तशी करून द्यायचे, 'हे तारीखवाले मास्तर'. मी दरवेळी तारीख सांगायचो. न सांगून काय करणार? "सोळा," म्हणायचो. तू म्हणायचास, "नक्की ना?" आणि सायकल पुढे काढायचास. चाळीसहून जास्त वर्षं. माझ्या बायकोने एकदा विचारलं, "एवढं काय आहे हो त्या तारखेत?" मी म्हटलं, "डोकं फिरलंय त्याचं." तिने पुन्हा विचारलं नाही. तिला वही कुठे आहे ते माहीत होतं, वहीत काय आहे ते नव्हतं.

ते दगडी पोस्ट मला कधी सुंदर वाटलं नाही, हे तुला ठाऊक आहे. दोन खोल्या, वर कौलं, पावसात बुरशीचा वास, आणि खाडीच्या अंगाच्या भिंतीला कायमची ओल. नवीन टॉवरमधली मंडळी तिथे उभी राहून फोटो काढतात आणि 'वारसा' म्हणतात. त्यांना कौलांतून टेबलावर पडणारे विंचू माहीत नाहीत. तू मात्र त्या इमारतीवर जीव टाकायचास. पोस्ट तिथून हलवून नाक्यावरच्या गाळ्यात नेलं, तुझी नोकरी संपली, तरी तू रोज सकाळी जाऊन ओटा झाडायचास. भिंतीतल्या पत्रपेटीच्या बिजागरीला तेल घालायचास. आत कोणी पत्र टाकत नव्हतं. "पोर खेलायला येतात, चिठ्ठी टाकतात," तू बाईंना सांगायचास. "पेटी गंजली तर चिठ्ठी भिजल."

ती इमारत धक्क्याजवळ का, गावाच्या मध्यावर का नाही, हे मला तूच सांगितलंस. मी नवीन बदलून आलो होतो. रस्ता नव्हता तेव्हा टपाल खाडीतून यायचं. कल्याणच्या बंदरातून होडी सुटायची आणि भरतीच्या पाण्यावर चिंचखारच्या धक्क्याला लागायची. त्यामुळे पोस्ट उघडायची वेळ घड्याळावर नव्हती, भरतीवर होती. होडी तुझ्या आजोबांची. इमारत नवीन झाली आणि पहिली टपालाची थैली तिथे उतरली, त्या दिवशी साहेबाने नवी कोरी जाड वही काढली, पहिला शिक्का तिच्यात मारला आणि थैली आणणारा म्हणून तुझ्या आजोबांचा अंगठा शेजारी घेतला. तू मला ते पान दाखवलंस तेव्हा हात धुऊन आला होतास. मीही तेव्हा त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिलो होतो. एवढं तुझ्या बाजूने लिहून ठेवतो.

स्मरणिका वाचणाऱ्यांना सांगायला हवं की शिक्क्यांची वही म्हणजे काय. पत्रावर पोस्टाचा गोल शिक्का पडतो, त्यात तारीख असते. तारखेचे बारीक आकडे रोज सकाळी चिमट्याने बदलावे लागतात. बदलले की पहिला शिक्का पत्रावर नाही, वहीत मारायचा. खाली पोस्टमास्तरची सही. म्हणजे आज तारीख बरोबर लागली, याला साक्ष. रोज एक शिक्का. एका पानावर महिनाभराचे शिक्के, वही हजार पानांची, त्यामुळे इंग्रजाच्या काळात सुरू झालेली ती वही माझ्या हाताखालीही संपली नव्हती. आरंभी शाईने दाखला, 'या वहीत इतकी पाने आहेत', आणि साहेबाची सही. त्या इमारतीचं आख्खं आयुष्य, एक दिवस न चुकता, त्या एका वहीत.

न चुकता, असं मी लिहिलं. चुकलं ते माझ्या हातून.

मला सकाळी उठवत नसे. पूजा, दाढी, पेपर, मग सावकाश पोस्टात. म्हणून मी एक सोय काढली होती. चार वाजता खिडकी बंद झाली की संध्याकाळीच आकडे बदलायचे, वहीत उद्याचा शिक्का मारून सही करून ठेवायची. त्यानंतर शिक्क्याचं काही काम सहसा नसे. साडेचारला थैली बांधून लाखेचं सील करायचं, सायकलवाला ती कल्याणला न्यायचा. तुला ही सोय माहीत होती. तू दोनदा म्हणालाही होतास, "मास्तर, उद्याचा दिस आज कला उजारता?" मी म्हटलं होतं, "तू तुझी पत्रं वाट."

त्या दिवशी तू फेरी संपवून चार वाजून वीस मिनिटांनी आलास. खांद्यावरच्या झोळीतून पाकीट काढलंस. किसनचा अर्ज. सरकारी नोकरीचा. पोरगा मॅट्रिकला गावात पहिला आला होता, होडीवर बसून अभ्यास करून. शेवटचा दिवस होता, आणि नियम असा की त्या तारखेचा पोस्टाचा शिक्का असला तर पाकीट उशिरा पोचलं तरी चालेल. रजिस्टर करायची वेळ टळली होती.

"साध्यानी जाऊ द्या मास्तर. शिक्का आजचा परला म्हंजे झाला."

"आण इकडे."

मी ठप्पकन शिक्का मारला, पाकीट थैलीत टाकलं, थैली बांधली, लाख ओतली. सायकलवाला गेला. तू टोपी खुंटीला लावलीस आणि टेबलाजवळ आलास. वही उघडी होती.

"ह्यो कनच्या दिसाचा शिक्का हाय?"

मी बघितलं. मग शिक्का उचलून त्याचं तोंड बघितलं. आकडे उद्याचे होते. पण तोंडाने मी म्हणालो, "एवढं कोण बघतंय रे."

"कल्यानला फोन लावा. थैली अजून रस्त्याला हाय. चूक जाली म्हनून सांगा, ते दुसरा शिक्का मारून लिवून देतील."

तू म्हणत होतास ते बरोबर होतं. फोन भिंतीला होता, माझ्यापासून चार पावलं. पण फोन केला की लेखी रिपोर्ट आला. रिपोर्ट आला की साहेब विचारणार, चार वाजता उद्याची तारीख शिक्क्यात कशी? वर्षभरात मला बढती मिळायची होती. मी म्हटलं, "जनू, उगाच काव काव करू नकोस. पाकीट पोचेल."

 टेबलावरची जांभळी कॉपी पेन्सिल उचललीस, जिभेला लावलीस, आणि उद्याच्या शिक्क्याशेजारी, माझ्या सहीच्या खाली, तुझ्या त्या शाळकरी अक्षरात लिहिलंस: 'शिक्का उद्याचा. वेळ आज पावणेपाच. जनार्दन, पोस्टमन.' मी ते अंगठा ओला करून पुसायला गेलो. ती पेन्सिल पाण्याने जात नाही, उलट पक्की होते, हे पोस्टात जन्म काढून मी त्या क्षणी विसरलो. अक्षरं आणखी गडद झाली. माझा अंगठा दोन दिवस जांभळा होता.

एका महिन्याने छापील कार्ड आलं. 'अर्ज मुदतीनंतर टाकल्यामुळे विचारात घेतलेला नाही.' टपाल लावताना ते माझ्याच हाताखालून गेलं. ते किसनच्या नावाचं, तुझ्या घरच्या पत्त्याचं कार्ड मी तुझ्या गठ्ठ्यात ठेवलं, आणि तू ते झोळीत घालून स्वतःच्या घरी वाटून आलास.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी तू समोर उभा राहिलास.

"मास्तर, लिवून द्या. शिक्का चुकीचा परला, अर्ज येलेवर होता, एवराच. साहेब लोक ऐकतील. पोराचा नशीब हाय."

आता जे लिहायचं त्यासाठी मी हा कागद चार वेळा बदलला. मी म्हणालो, "लिहून देतो. पण पूर्ण लिहितो. ते पाकीट तुझ्या झोळीत किती दिवस होतं रे जनू?"

तू झोळीचा पट्टा खांद्यावर सरकवलास.

"मला त्या दिवशी दिसलं होतं. पाकिटाचे कोपरे दुमडलेले होते, घामाचा डाग होता. किसनने तुला ते तीन दिवस आधी दिलं होतं ना, पोस्टात टाक म्हणून? गावभरची पत्रं वेळेत वाटलीस आणि घरचं झोळीत विसरलास. तेही लिहू? किसनला सांगू, तुझ्या दादाने तीन दिवस पाकीट फिरवलं म्हणून?"

तुझा चेहरा मला आजही दिसतो. रागावला नव्हतास. टोपी नीट केलीस. "तुमची मर्जी," म्हणालास, आणि पत्रं घेऊन गेलास. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, आत आल्या आल्या, पहिल्यांदा: "मास्तर, आज तारीख काय हो?"

मला वाटलं, सुटलो. तू घाबरलास, असं मी धरून चाललो. किसन खाडीत रेती काढायला जाऊ लागला. बादली घेऊन तळाशी बुडी, भरून वर, पुन्हा बुडी. दिवसभर. मी पोस्टाच्या ओट्यावरून बघायचो, ते काळं डोकं वर यायचं, श्वास घ्यायचं, खाली जायचं. दहा-बारा वर्षांत त्याचे कान गेले. रेतीवाल्यांचे जातात. तेव्हाही मी वही उघडली नाही.

तुझं एक ऋण मात्र माझ्यावर आहे आणि त्याचाही मला राग येतो. माझे वडील पुण्याला वारले, त्याची तार कल्याणहून तू आणलीस. दुपारची वेळ. मी डबा उघडत होतो. तू तार शर्टाच्या आत ठेवून बाकावर बसलास आणि म्हणालास, "जेवा मास्तर, घाई नाय." मी तुला आगरी माणसांच्या कोलंबीवरून चिडवत, हसत हसत जेवलो. शेवटचा घास झाला, पाणी प्यालो, मग तू तार काढलीस. वाईट तार असली की तू सगळ्या गावात असंच करायचास, आधी पाणी, मग कागद. ही पाकिटाच्या नंतरची गोष्ट. माझ्याशी वाईट वागायची तुला त्या दिवशी चांगली संधी होती. तू ती घेतली नाहीस. त्यानंतर बारा दिवसांनी मी कामावर आलो, तेव्हा दारातच, "मास्तर, आज तारीख काय हो?" हा कसला माणूस, मला कधी कळलं नाही.

पोस्ट नव्या गाळ्यात हलवायचं ठरलं तेव्हा जुन्या कागदांची यादी मीच केली. काय ठेवायचं, काय नष्ट करायचं. शिक्क्यांच्या वहीसमोर मी लिहिलं, 'वाळवीने खाल्ल्यामुळे नष्ट'. आणि वही पिशवीत घालून घरी नेली. जाळू शकलो असतो. एका दुपारी न्हाणीघरात बंबापाशी ती घेऊन बसलोही होतो. जमलं नाही. मग तुझं ते एक पान फाडायला घेतलं. पण पहिल्या पानावर पानांचा दाखला होता. एक पान कमी झालं की दाखला खोटा होतो. खोटी तारीख मारलेल्या माणसाला खोट्या दाखल्याचा एवढा तिटकारा, ऐकून तुला हसू आलं असतं. मी पान फाडलं नाही, वहीही दिली नाही. लुगड्यात गुंडाळून वर ठेवली.

मग सहा महिन्यांपूर्वीची सभा. रस्ता रुंद करायचा म्हणून जुनं पोस्ट पाडायचं निघालं होतं. बाईंनी समिती केली. अधिकाऱ्याने शाळेत येऊन सांगितलं, इमारत जुनी आहे आणि पहिल्यापासून पोस्टच होती, याचा कागद दाखवा, मग पुढचं बघू. कागद कोणाकडेच नव्हता. तू उभा राहिलास. नवा पांढरा शर्ट घालून आला होतास.

"कागद हाय. शिक्क्यांची वही. पहिल्या पानावर माझ्या आज्याचा अंगठा हाय. मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. मास्तर इथंच बसल्यात, त्यांना विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अधिकारी म्हणाला, "सर, तुम्ही त्या इमारतीतले शेवटचे पोस्टमास्तर ना? अशी वही होती का?"

जनू, मला वहीचं पहिलं पान द्यायला काही हरकत नव्हती. पण वही एकच होती. पहिलं पान दिलं की तुझं जांभळं पानही त्याबरोबर गेलं. आणि किसन तिथे बसला होता. मी म्हणालो, "रोजचे शिक्के साध्या कागदावर घ्यायचो. असली काही वही माझ्या काळात नव्हती. जनूचं आता वय झालंय."

मागून एक टॉवरवाला म्हणाला, "काका, अंगठ्याचा एक फोटो तरी काढून ठेवायचा होता!" हॉल हसला. बाईसुद्धा हसल्या, बाई, तुम्ही हसलात. तू उभाच होतास. तू एक वाक्य बोलला असतास तर माझं सगळं उघडं पडलं असतं. तुझं तोंड मी उघडू दिलं नव्हतं, असं मला त्या दिवशीही वाटलं. चाळीस वर्षांपूर्वीची धमकी अजून काम करते आहे, असं समजून मी खुर्चीत मागे टेकलो.

बाहेर चपला घालताना तू शेजारी आलास. मला वाटलं, आता शिव्या देणार. मी तयार होतो. तू मान तिरकी केलीस.

"मास्तर, आज तारीख काय हो?"

मी तारीख सांगितली नाही. पहिल्यांदाच. म्हटलं, "जा रे, घरी जा." ते आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर तू अंथरूण धरलंस. बाई दोनदा म्हणाल्या, "जाऊन या एकदा, विचारतात तुम्हाला." मी गेलो नाही. तू काय विचारणार ते मला माहीत होतं.

शोकसभेतलं माझं भाषण झाल्यावर किसन जवळ आला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. ऐकू आलं नव्हतं त्याला काही, तरी धरले. त्या रात्री मला झोप लागली, हे मी लपवत नाही. पण सकाळी उठलो आणि हिला म्हटलं, "ते लुगडं खाली काढ."

"कुठे निघालात?"

"किसनकडे."

तुझ्या घराच्या ओट्यावर किसन टोपलीतली सुकी करंदी निवडत होता. वहिनींनी चहा ठेवला. मी वही त्याच्यासमोर ठेवली आणि पहिलं पान उघडलं. त्याने हात लुंगीला पुसले, पण अंगठ्याला लावला नाही. नुसता वर धरून ठेवला. मग मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या आवाजात, आत हाक मारली, "अगो आये, दादाचे आज्याचा अंगठा! दादा खरा बोलत व्हता!" वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरणार नाही.

मी जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर लिहिलं, 'अजून एक पान आहे', आणि जांभळं पान काढलं. खाली लिहिलं, 'तुझ्या अर्जावर मी दुसऱ्या दिवसाचा शिक्का मारला होता. अर्ज वेळेत आला होता. चूक माझी. मी ती लपवली.'

किसनने बोट ठेवून ठेवून वाचलं. मग मान हलवली.

"नाय मास्तर. पाकीट दादाचे झोलीत तीन दिस राह्यला व्हता. म्हनून उशीर जाला. कार्ड आला त्याच दिशी दादानी सांगला मना. लय रडला. बोलला, माझेच हातानी तुझा वाटोला जाला."

त्याच दिवशी. म्हणजे मी तुला धमकी दिली त्याच्या आदल्याच दिवशी. मी खिडकीआडून तुला भीती घालत होतो, तेव्हा तू घरी सगळं सांगून मोकळा झालेला होतास. माझ्या हातात काहीच नव्हतं. चाळीस वर्षं मी रिकामी मूठ आवळून बसलो होतो, आणि तुला ते माहीत होतं.

मी पुन्हा लिहिलं, 'तीन दिवस राहिला, पण तरी वेळेत होता. तो शेवटचा दिवस होता. उशीर झालाच नव्हता.'

किसनने ते वाचलं. जांभळी अक्षरं वाचली. पुन्हा माझं लिहिलेलं वाचलं.

"मंग दादा असा कला बोलला?"

मला काय माहीत, जनू? मी तिथे बसून त्याला काय लिहून देणार होतो? तू एका शब्दात सांगू शकला असतास, शिक्का मास्तरांचा चुकला. त्याने तुला माफ केलं असतं आणि मला येऊन कानफटात चार मारल्या असत्या, आणि सगळं तिथेच संपलं असतं. तू सगळा दोष आपल्या अंगावर घेऊन बसलास. पोस्टाचा शिक्का खोटा पडतो, हे गावाला कळू नये म्हणून? माझी पोरं लहान होती म्हणून? की तीन दिवसांचं तुला इतकं लागलं होतं की बाकीचं मोजायलाच तू गेला नाहीस? तू मला कधी सांगितलं नाहीस. तुझी मेहरबानी मी मागितली नव्हती. ती माझ्या गळ्यात अडकवून तू निघून गेलास, आणि वर रोज तारीख विचारत राहिलास. मला वाटायचं, तू डिवचतोयस. आता वाटतं, तू वाट बघत होतास, हा माणूस एखाद्या दिवशी तरी त्या दिवसाची खरी तारीख सांगेल म्हणून. तसं असेल तर तू माझ्याबद्दल फारच चांगला विचार करत होतास, आणि ती तुझी चूक होती.

किसनने मला शिवी दिली नाही, माफही केलं नाही.  चहा तसाच होता. त्याने वही मिटली आणि विचारलं, "ही वही आता कोनाची?" मी लिहिलं, 'तुझी. सोमवारी पोस्ट पाडण्यावरच्या सुनावणीला तू घेऊन जायची. मी शेजारी बसतो.' त्याला विचारलेलं ऐकू येणार नाही, आणि मला विचारलेलं आता टाळता येणार नाही. सभेत मी काय बोललो होतो आणि यादीत वाळवी कोणी लिहिली, ते मी तिथे सांगणार आहे. इमारत वाचेल की नाही, ठाऊक नाही. दोन्ही पानं मात्र उघडी ठेवायची, असं किसनने सांगितलं आहे.

उठताना माझ्यातला कारकून जागा झाला. कुठलीही वस्तू पोच घेतल्याशिवाय मी जन्मात कोणाला दिली नाही. कॅलेंडरच्या उरलेल्या पाठीवर लिहिलं, 'शिक्क्यांची वही, सर्व पाने शाबूत, मिळाली.' किसनने खाली सही केली. पहिल्या नंबराने पास झालेल्या पोराची सही अजून तशीच सुबक आहे. मग त्याचं पेन सहीच्या पुढे थांबलं. त्याने वर बघितलं आणि त्याच्या त्या मोठ्या आवाजात, धक्क्यापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं,

"मास्तर, आज तारीख काय?"

त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी त्याच्या हातातून पेन घेतलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकदा बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं, आणि आजची तारीख लिहिली.